खोट्या नावामागचे गाव

अमेरिकेतील चिनी वंशाच्या कुटुंबांमध्ये गेल्या चार-साडेचार दशकांत एक नवा कुलाचार रूढ झाला आहे. आजी-आजोबा, त्यांची पन्नाशी-साठीतील मुले आणि महाविद्यालयात शिकणारी नातवंडे अशा तीन पिढ्या एकत्र निघतात, हाँगकाँग किंवा ग्वांगजौ येथे उतरतात आणि दक्षिण चीनमधील एखाद्या लहानशा खेड्यात जाऊन पूर्वजांच्या थडग्यांपुढे उदबत्त्या लावतात. या प्रवासाला चिनी भाषेत जे नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'मुळांचा शोध' असाच होतो. वरवर पाहता ही तीर्थयात्रा आणि पर्यटन यांची सरमिसळ वाटते. तिकिटे, व्हिसा, दुभाषा, आजोबांची औषधे हे सारे तयारीत येतेच. परंतु यांतील कितीतरी कुटुंबांना तिकिटे काढण्यापूर्वी एका वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते: आपले आडनाव खरे आहे काय? हा प्रश्न का पडतो हे समजून घ्यायचे, तर दीडशे वर्षे मागे जावे लागते.

पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेस, ग्वांगदोंग प्रांतात, ताइशान, काइपिंग, शिनहुई आणि एनपिंग असे चार परगणे आहेत. तेथील बोलीत त्यांना एकत्रितपणे 'सी यिप', म्हणजे 'चार परगणे', असे म्हणतात. जमीन थोडी आणि डोंगराळ. त्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्थानिक आणि हक्का लोकांमध्ये झालेल्या रक्तरंजित संघर्षाने हा प्रदेश होरपळून निघाला. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची वार्ता येथे पोहोचली, तेव्हा हाँगकाँगचे बंदर जवळच होते. पहिल्या काही पिढ्यांत अमेरिकेस गेलेल्या चिनी लोकांपैकी बहुसंख्य याच चार परगण्यांतले. ही भूमी मराठी वाचकाला वाटते तितकी परकी नाही. मुंबईत माझगाव येथे 'सी यिप कून' नावाचे जुने चिनी मंदिर आजही उभे आहे. त्याच्या नावातला 'सी यिप' तो हाच. समुद्रावर पोट असलेली याच मुलखातील माणसे पश्चिमेकडे मुंबईपर्यंतही आली होती.

अमेरिकेत या माणसांनी खाणी खणल्या आणि खंड ओलांडणाऱ्या रेल्वेचा अवघड डोंगराळ टप्पा बांधला. काम संपले आणि त्यांची अडचण होऊ लागली. १८८२ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली. ही बंदी थेट १९४३ पर्यंत टिकली, आणि उठल्यावरही वर्षाकाठी केवळ १०५ जणांना प्रवेश मिळणार होता. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक अशा काही वर्गांना मात्र सूट होती. शिवाय १८९८ साली वाँग किम आर्क खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला, की अमेरिकेत जन्मलेली चिनी व्यक्ती नागरिकच होय. नागरिकाची चीनमध्ये जन्मलेली मुलेही नागरिक ठरत. कायद्याच्या भिंतीत राहिलेली ही एक फट होती.

१८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, आगी लागल्या आणि शहराचे जन्मनोंदींचे दप्तर जळून गेले. आता 'माझा जन्म याच शहरातला' असे कोणी म्हटले, तर ते खोटे ठरवायला कागद उरला नव्हता. असा नागरिक चीनला जाऊन परत आला, की गावी मुलगा झाल्याची नोंद करी. मुलगा खरोखर झालेला असो वा नसो, कागदावर एक जागा तयार होई. ती जागा पुढे पुतण्याला दिली जाई किंवा परक्याला विकली जाई. विकत घेणारा त्या नावाने, त्या वडिलांचा मुलगा म्हणून अमेरिकेत उतरे. अशा माणसांना 'कागदी पुत्र' म्हणत. नाव, जन्मतारीख, आई-वडील, भावंडे, गाव, सारेच उसने.

सरकारलाही हे ठाऊक होते. म्हणूनच सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतील एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात चिनी प्रवाशांना अडकवून ठेवून त्यांची कसून उलटतपासणी होई. तुझ्या गावात घरांच्या ओळी किती? तुमच्या ओळीतल्या तिसऱ्या घरात कोण राहते? विहीर कोणत्या दिशेला? घरात तांदळाची कोठी कोठे ठेवली आहे? मग हेच प्रश्न अमेरिकेतील 'वडिलांना' आणि 'भावांना' विचारले जात. उत्तरे जुळली नाहीत तर परत पाठवणी. त्यामुळे उसन्या कुटुंबाची सारी माहिती लिहिलेल्या शिकवणीच्या वह्या निघाल्या. बोटीवर त्या पाठ करायच्या आणि किनारा दिसण्याआधी समुद्रात टाकून द्यायच्या. ज्या गावात कधी पाऊलही ठेवले नव्हते, त्याची विहीर अनेकांनी अशा रीतीने जन्मभर लक्षात ठेवली.

इतिहासाचा एक विलक्षण उपरोध येथे आहे. उलटतपासणीचे हे कागद अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, सॅन फ्रान्सिस्कोजवळील सॅन ब्रुनो येथे, जपून ठेवलेले आहेत. आजची नातवंडे मुळांचा शोध घ्यायला निघतात, तेव्हा याच फायली मागवतात. त्यांत पणजोबांचे तरुणपणचे छायाचित्र मिळते, गावाचा हाताने काढलेला नकाशाही कधीकधी मिळतो. ज्या यंत्रणेने या लोकांना बाहेर ठेवण्यासाठी प्रश्न विचारले, तिनेच त्यांच्या कुळाची सर्वांत तपशीलवार बखर लिहून ठेवली. मात्र ही बखर कोणाच्या कुळाची, याची खात्री कागद देत नाही. फाईल हातात धरून गावी पोहोचलेले कुटुंब भलत्याच्याच पूर्वजांपुढे नतमस्तक होण्याची शक्यता असते. कागद बरोबर, विहीर बरोबर, नकाशा बरोबर. फक्त माणसे आपली नव्हेत.

खरे नाव फक्त घरातल्या वृद्धांना ठाऊक असते, आणि नेमके तेच बोलत नाहीत. या मौनाला कारणे आहेत. १९४९ नंतर चीन हा शत्रुपक्ष झाला. १९५६ साली अमेरिकी सरकारने कबुलीची एक योजना सुरू केली. जो आपले खोटे नाव कबूल करील, त्याचा दर्जा शक्य असल्यास नियमित करण्यात येईल, असे आश्वासन होते. परंतु एकाने कबुली दिली की त्याच्या कागदी वडिलांचे, भावांचे, चुलत्यांचे बिंगही फुटे. १९६५ पर्यंत चाललेल्या या योजनेने अनेकांना खरे नाव परत मिळवून दिले, आणि अनेक कुटुंबांत कायमची तेढही निर्माण केली. घरात 'हे बाहेर बोलायचे नाही' अशी ताकीद ऐकत वाढलेली मुले पुढे मध्यमवयीन झाली, तरी विचारायला धजावली नाहीत. विचारतात ती नातवंडे, कारण त्यांच्या वाट्याला ती भीती आलेली नाही.

सत्य अगदीच पुसले गेले होते असेही नाही. इतिहासकार हिम मार्क लाय यांचे वडील 'लाय' या कागदी नावाने आले होते. कुळाचे नाव 'माक'. मुलाचे नाव ठेवताना त्यांनी ते 'मार्क' या रूपात मध्ये बसवून दिले. 'लाय' हे सरकारचे आणि 'मार्क' हे घरचे. इतिहासकार ज्यूडी युंग यांचे इंग्रजीतील आडनाव कागदी, तर चिनी नावात वडिलांचे मूळ कुळ. कॅलिफोर्नियातील चिनी कबरींच्या दगडांवरही हेच आढळते. इंग्रजी अक्षरांत कागदी नाव, आणि शेजारी चिनी लिपीत खरे आडनाव, परगणा, गाव. जिवंतपणी जे बोलता आले नाही ते दगडावर लिहून ठेवले, आणि तेही अशा लिपीत की तपासनिसाला वाचता येऊ नये. म्हणूनच जाणकार सांगतात, की प्रवासाची आखणी नकाशापासून नव्हे, कबरस्तानापासून सुरू करा.

याच हिम मार्क लाय यांनी १९९१ साली सॅन फ्रान्सिस्कोत अल्बर्ट चेंग यांच्यासह तरुणांसाठी मुळांच्या शोधाचा एक उपक्रम सुरू केला. त्याची पद्धत पुढे अनेक कुटुंबांना मार्गदर्शक ठरली. आधी काही महिने घरातील वृद्धांच्या मुलाखती आणि अभिलेखागारातील वाचन. मग प्रत्येकाच्या गावाला सर्वांनी मिळून भेट. यातून ध्यानात येते, की हा प्रवास एका पिढीला एकटीने करताच येत नाही. इंग्रजी स्पेलिंगवरून गाव सापडत नाही, त्यासाठी चिनी अक्षरेच हवीत. नातवंडे शाळेत मँडरिन शिकलेली असतात, पण गावातील म्हातारी माणसे ताइशानची बोली बोलतात, आणि ती फक्त आजीला येते. कागद वाचणारा एक, बोली जाणणारी दुसरी, आणि या दोघांमधला अवघडलेपणा सांभाळणारी मधली पिढी, असा सगळा लवाजमा असेल तरच ते गाव दार उघडते. वेळ निवडायची तीही बहुधा एप्रिलच्या आरंभी येणाऱ्या छिंगमिंगची. त्या सणाला थडगी झाडून स्वच्छ करतात, अख्खे भाजलेले डुक्कर पूर्वजांपुढे ठेवतात आणि फटाके वाजवतात.

गावात काय सापडते? आपल्याकडील कुलवृत्तांतासारखी कुळाची पोथी सापडली तर भाग्य. १९६६ नंतर सांस्कृतिक क्रांतीत अशा असंख्य पोथ्या जाळल्या गेल्या. जी वाचली तीत बहुधा फक्त पुरुषांची नावे असतात. सुनांची केवळ माहेरची आडनावे आणि मुलींचा पुष्कळदा उल्लेखच नाही. कन्फ्यूशियसच्या वंशावळीची २००९ मध्ये निघालेली वीस लाखांवर नावांची आवृत्ती स्त्रियांना प्रथमच स्थान देते, यावरूनच जुन्या रिवाजाची कल्पना यावी. ज्या नातीने वर्षभर खपून फाईल शोधली, अक्षरे जुळवली, तिला आपल्या नावासाठी पोथीत जागा नाही हे तेथे उमगते. गावातील नातलगांचीही एक कहाणी असते. सी यिपमध्ये परदेशच्या पैशावर घरे, शाळा आणि काइपिंगचे ते उंच, तटबंद, अर्धे पाश्चात्त्य वळणाचे बुरूज उभे राहिले. त्यांपैकी १,८००हून अधिक आज शिल्लक असून २००७ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. परंतु त्याच पैशामुळे १९५०नंतरच्या जमीनसुधारणेत कित्येक कुटुंबांवर 'जमीनदार' असा शिक्का बसला. पाहुणे ज्या बुरुजापुढे छायाचित्रे काढतात, त्या बुरुजाची किंमत यजमानांनी मोजलेली असू शकते.

साहित्याच्या अभ्यासकाला यातील एक धागा विशेष मोलाचा वाटावा. मॅक्सीन हाँग किंग्स्टन यांच्या 'चायना मेन' (१९८०) मध्ये वडील अमेरिकेत कसे आले याच्या एकाहून अधिक हकिकती आहेत, आणि त्या परस्परांशी जुळत नाहीत. समीक्षक याला आधुनिकोत्तर कथनतंत्र म्हणतील; पण ज्या घरात वडिलांची खरी हकिकत सांगणे म्हणजे त्यांच्या हद्दपारीला निमंत्रण, तेथे अनेक हकिकती हाच वास्तववाद ठरतो. फे मियेन इंग यांच्या 'बोन' (१९९३) मधील कागदी पुत्र लिऑन आयुष्यभराचे कागद एका सूटकेसमध्ये सांभाळतो, आणि ज्यांचे नाव त्याने घेतले त्यांच्या अस्थी मायदेशी पाठवण्याचे वचन त्याला छळत राहते. एमी टॅन यांच्या 'द जॉय लक क्लब' (१९८९) चा शेवट वडील आणि मुलीच्या चीन-प्रवासात होतो आणि वाचकाला समाधान देऊन जातो. मला स्वतःला लिऑनची सूटकेस अधिक खरी वाटते. मुळे सापडली की दुखणे संपले, असे ती सांगत नाही.

शेवटी प्रश्न उरतो तो हक्काचा. आजोबांना बोलायचे नसेल, तर नातवाने विचारत राहावे काय? जाणून घेण्याचा हक्क थोर आहेच. परंतु ज्या मौनाने साठ वर्षे कुटुंब तारले ते निव्वळ अडथळा मानणे हे कृतघ्नपणाचे होईल. चांगल्या आखणीत या मौनालाही जागा असली पाहिजे: एखादा प्रश्न न विचारण्याची मुभा, एखाद्या गावाला न जाण्याची तयारी. आणि शक्य असेल तर गावे दोन पाहावीत. एक रक्ताचे आणि दुसरे कागदाचे. दुसऱ्या गावातील कोणा एका कुळाने आपले नाव विकले, त्यावर कोणाचे तरी आयुष्य उभे राहिले, मुलेबाळे त्याच नावाने शाळेत गेली. त्या नावाला खोटे म्हणणे कायद्याच्या भाषेत बरोबर असेल. इतिहासाच्या भाषेत ते ऋण आहे. आजोबांना ज्या विहिरीची दिशा तोंडपाठ होती, ती त्यांनी एकदा तरी डोळ्यांनी पाहावी, आणि दोन उदबत्त्या तेथेही लावाव्यात.