पेनोचे पंख

इ. स. १८७१ च्या १८ ऑगस्टला पॅरिसच्या त्वीलरी उद्यानात आल्फाँस पेनो या एकवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने एक चिमुकले विमान हवेत सोडले. त्याचे वजन अवघे १६ ग्रॅम, पंखांचा विस्तार सुमारे ४५ सेंटिमीटर. रबराचा पीळ उलगडू लागला, मागील पाती फिरली आणि ११ सेकंदांत ते सुमारे ४० मीटर उडत गेले.

याचे मर्म पंखांच्या घडणीत होते. पेनोने पंखांची टोके वर उचलली होती. विमान एका अंगाला कलले, की खालच्या पंखाला अधिक उचल मिळून ते पुन्हा सरळ होई. शेपटीकडील लहान पंखाचा कोन किंचित कमी ठेवल्याने नाकाचाही तोल सावरला जाई. चालकावाचूनही विमान स्थिर उडू शकते, हे सिद्ध झाले.

१८७६ मध्ये त्याने मोठ्या विमानाचे एकस्व घेतले. परंतु ते बांधण्यास द्रव्यसाहाय्य लाभले नाही. खचलेल्या पेनोने १८८० मध्ये, तीस वर्षांचा असताना, आत्महत्या केली.

आज बंदिस्त सभागृहांत बाल्साच्या काड्यांवर तलम पापुद्रा ताणलेली रबरी पिळाची विमाने अर्ध्या तासाहूनही अधिक काळ तरंगतात. त्यांच्याही पंखांची टोके पेनोने उचलली तशीच वर उचललेली असतात.