लॅपटॉपचं जन्मसाल

घरात एक सॉफ्टवेअर इंजिनियर असला की दर जून-जुलैत एक प्रश्न हमखास येतो. बजेट साठ हजार, गेमिंग लॅपटॉप जुना घेऊ की नवा? विचारणाऱ्याला गेम खेळायचे असतात, त्याच्या आई-वडिलांना ‘कॉलेजसाठी’ काहीतरी घ्यायचं असतं, आणि पैसे एकदाच मिळणार असतात. हे मशीन दुसऱ्या वर्षात बंद पडलं तर तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट मित्राच्या लॅपटॉपवर होणार, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं.

मी उत्तरादाखल उलटा प्रश्न विचारतो: कोणत्या सालचा? गेमिंग लॅपटॉपच्या इतिहासात प्रत्येक काळाने आपली एकेक खोट मागे ठेवली आहे. जुन्या बाजारात आपण मशीनबरोबर ती खोटही विकत घेतो.

सुरुवात लॅपटॉपपासून नाही, मोटारींपासून करावी लागेल. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. विषय होता जुन्या गाड्यांचा बाजार. अमेरिकेत खटारा निघालेल्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. अकरलॉफचं म्हणणं असं: गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सरसकट कमी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि लिंबं उरतात. २००१ साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्यातली तपकीर गल्ली, दिल्लीचं नेहरू प्लेस इथे हिंडलेल्या कुणालाही हा सिद्धांत वेगळा शिकवावा लागत नाही.

लॅपटॉपमधलं लिंबू नेमकं कसं दिसतं, हे २००८ साली कळलं. त्या जुलैत एनव्हिडियाने जाहीर केलं की लॅपटॉपसाठी बनवलेल्या काही ग्राफिक्स चिप्स अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात बंद पडत आहेत, आणि दुरुस्ती-बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. चिप तिच्या पाटीला सोल्डरच्या अतिसूक्ष्म ठिपक्यांनी जोडलेली असते. गेम सुरू केला की चिप तापते, बंद केला की निवते. प्रत्येक वेळी ती किंचित फुगते आणि आकसते. त्या चिप्समधलं साहित्य हा ताण सहन करण्याइतकं चांगलं नव्हतं. ठिपक्यांना तडे गेले आणि एके दिवशी स्क्रीन काळी. ॲपल, डेल, एचपी अशा कंपन्यांना ग्राहकांसाठी वॉरंटी वाढवावी लागली.

यात दोन धडे आहेत. पहिला, दोष वर्षभर दिसलाच नाही तरी तो आत असू शकतो. दुसरा, डेस्कटॉपमध्ये कार्ड मेलं तर कार्ड बदलता येतं. लॅपटॉपसाठीही तशी सोय करायचा प्रयत्न झाला होता. २००४ पासून एमएक्सएम नावाची काढता-घालता येणारी ग्राफिक्स कार्डं आली, पण मशीन बारीक होत गेली तशी चिप थेट मदरबोर्डवर बसली. आता चिप गेली की बहुधा अख्खा बोर्ड जातो. वॉरंटी संपलेल्या गेमिंग लॅपटॉपचा हा सगळ्यात मोठा धोका आहे.

यानंतर घोळ नावांचा झाला. २०१६ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या चिपच्या नावामागचा ‘एम’ काढून टाकला. जीटीएक्स १०६० म्हणजे जीटीएक्स १०६०, लॅपटॉप असो की डेस्कटॉप. त्या पिढीपुरतं हे बऱ्यापैकी खरं होतं. २०१७ मध्ये बारीक लॅपटॉपांसाठी कमी विजेवर चालणारी ‘मॅक्स-क्यू’ रूपं आली. २०२१ मध्ये आरटीएक्स ३०ची पिढी आली तेव्हा तेच नाव आणि वेगवेगळी ताकद हा प्रकार शिगेला पोचला. लॅपटॉपमधली आरटीएक्स ३०६० कुठे ६० वॅटवर चालायची, कुठे ११५वर. डेस्कटॉपच्या ३०८०मध्ये ८७०४ कोअर होते, लॅपटॉपच्या ३०८०मध्ये ६१४४. स्टिकर तोच. ओरड झाल्यावर एनव्हिडियाने लॅपटॉप कंपन्यांना वॅटचा आकडा जाहीर करायला लावला. जुन्या मशीनच्या जाहिरातीत मात्र अजूनही फक्त ‘३०६०’ एवढंच लिहिलेलं असतं. हा आकडा एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशनखाली दिसतो. पैसे देण्याआधी तो बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

त्याच काळात जुन्या बाजारात संशयाचं आणखी एक कारण भरलं. लॉकडाऊनमुळे घरोघरी लॅपटॉप लागले, चिपांचा तुटवडा पडला आणि त्यावर इथेरियमच्या खाणकामाची भर. चीनमध्ये मांडणीवर ओळीने लावलेले गेमिंग लॅपटॉप नाणी खणत असल्याचे फोटो तेव्हा फिरले होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स चिपवर ते खणणं त्या दिवशी संपलं. राबलेलं हार्डवेअर विक्रीला आलं. तेव्हापासून ‘मायनिंगवाला नाही ना?’ हा प्रश्न रूढ झाला. खरं तर सोल्डरला एकसारख्या तापमानापेक्षा सतत तापणं-निवणं जास्त जाचतं. अखंड चालण्याने आधी झिजतात ते पंखे आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट. म्हणून मालकाने शपथ घेतली तरी अर्धा तास जड गेम लावा, तापमान बघा, पंख्याचा आवाज ऐका. वेग मध्येच कोसळला तर उत्तर मिळालं.

आतापर्यंतच्या खोटी हार्डवेअरच्या. अलीकडची खोट मात्र धडधाकट मशीनलाही म्हातारं करते. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर यादीबाहेर राहिले. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. २०१७ साली ऐटीत विकला गेलेला सातव्या पिढीचा आय७ आणि जीटीएक्स १०५० टीआयचा लॅपटॉप आज सुरू होतो, गेमही चालवतो, पण तो मूळ वाटेवरून उतरलेला आहे. गेमांनीही दार लावायला घेतलं आहे. २०२४च्या डिसेंबरात आलेल्या इंडियाना जोन्सच्या गेमला रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतंच, आणि २०२५च्या ‘डूम: द डार्क एजेस’लाही. जुन्या बाजारात सगळ्यात जास्त भेटणारी जीटीएक्स १६५० इथे उंबऱ्याबाहेर राहते.

मग नवाच घ्यावा? नव्याचाही एक छुपा खर्च आहे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे साठ हजारांच्या बिलात सुमारे नऊ हजार कर. विकताना ते पैसे कुणी परत देत नाही. शिवाय साठ हजारांत नव्या मशीनमध्ये बऱ्याचदा कमी वॅटची चिप आणि ८ जीबी रॅम मिळते. रॅम नंतर वाढवू म्हणावं, तर २०२५च्या अखेरीस एआयच्या मागणीमुळे रॅम भडकली. त्या डिसेंबरात मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे १६ जीबी रॅम आधीच बसवलेल्या जुन्या मशीनची किंमत आपण मनात नव्याने मांडायला हवी.

या सगळ्या इतिहासातून मी काढलेला हिशेब असा. २०१८च्या आधीचं मशीन कितीही स्वस्त असलं तरी नको. २०१८ ते २०२० मधलं घ्यायचं तर त्यात आरटीएक्स असावी. जीटीएक्स चालेल ती फक्त जुने आणि ऑनलाइन गेम पुरेसे असतील त्यांना, तेही तसा भाव मिळाला तरच. २०२१-२२ची, ६ जीबी मेमरीची आणि भरपूर वॅटची ३०६० साठ हजारांतल्या बऱ्याच नव्या मशीनना आजही मागे टाकते. त्या मशीनची बॅटरी तेवढी थकलेली असणार. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी ठेवून बघा आणि नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करा.

आणि अकरलॉफ? लिंबांच्या बाजारावरचे उपायही त्याच निबंधात आहेत. त्यातला एक साधा उपाय म्हणजे हमी. विकणाऱ्याने जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली की घेणाऱ्याचं अज्ञान तितकं महाग पडत नाही. म्हणून घरात दुसरा कॉम्प्युटर असेल, तर जुनं दमदार मशीन खुशाल घ्या. घरातला तो एकुलता एक लॅपटॉप असेल आणि त्यावर चार वर्षांची डिग्री काढायची असेल, तर थोडे फ्रेम कमी चालतील, वॉरंटी हवी: नव्या मशीनची, नाहीतर सिरियल नंबर टाकून तपासलेली जुन्याची उरलेली. विकणारा तो नंबर द्यायला कां-कूं करत असेल, तर लॅपटॉप उघडून बघायचीही गरज नाही.