वाइन गेली, आंबटपणा राहिला

पोर्तुगालच्या उत्तरेला मिन्यो नावाचा प्रांत आहे. पाऊस भरपूर, शेतं लहान. तिथले शेतकरी पूर्वी द्राक्षाचे वेल बांधावरच्या झाडांवर चढवत, म्हणजे खालची जमीन धान्याला आणि भाजीला मोकळी राहायची. वसईच्या वाडीत आधाराला धरून वर गेलेली पानवेल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही युक्ती लगेच कळेल.

या वेलांची वाइन म्हणजे ‘विन्यो व्हेर्दे’. शब्दशः अर्थ ‘हिरवी वाइन’, पण रंगाने ती बहुधा फिकट पिवळसर, जवळजवळ पांढरी असते. ‘हिरवी’ म्हणजे कोवळी, वर्षा-दोन वर्षांत पिऊन टाकायची. चवीला आंबटसर, जिभेवर किंचित बुडबुडे, आणि अल्कोहोल साधारण ९ ते ११ टक्के, म्हणजे इतर वाइनपेक्षा कमी. १९०८ साली पोर्तुगालने तिच्या प्रदेशाची हद्द कायद्याने आखून दिली. तिकडे ती भाजलेले तारले, शिंपले, खारवलेला कॉड यांच्याबरोबर पितात. कारण सरळ आहे. आपण तळलेल्या बोंबलावर लिंबू पिळतो, तेच काम ही वाइन करते: तेलकटपणा कापते, मासा मोकळा करते.

मग पोर्तुगीज १५३४ ते १७३९ अशी दोन शतकं वसईत राहिले, तरी वसईच्या स्वयंपाकात ही वाइन का रुजली नाही?

पहिलं कारण समुद्र. लिस्बनहून गोव्याला यायला जहाजाला साधारण सहा महिने लागत. उष्ण कटिबंधातून जाणाऱ्या जहाजाच्या पोटात हलकी वाइन टिकणं कठीण. वाइनला हवा आणि ऊब मिळाली की जिवाणू तिच्यातल्या अल्कोहोलचं आम्ल करतात आणि तिचा शिरका होतो. दुसरं कारण आपला पाऊस. द्राक्षाला कोरडी हवा लागते. वसईच्या पावसाळ्यात वेलीवर बुरशीच आधी येणार. मिस्साविधीला मात्र द्राक्षाचीच वाइन लागते, तिला पर्याय चालत नाही. त्यामुळे ती वेदीपर्यंत पोचली, चुलीपर्यंत नाही.

चुलीने आपली सोय आपणच केली. पोर्तुगीजांचा एक पदार्थ होता, ‘कार्ने दे विन्या दालयुश’: वाइन किंवा शिरका आणि लसूण यांत मुरवलेलं मांस. इकडच्या किनाऱ्यावर आल्यावर द्राक्षाची जागा माडाने घेतली. माडी आंबवून शिरका करायचा, त्यात मसाला वाटायचा आणि मांस मुरवायचं. यातून गोव्यात विंदालू झाला. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतलं इंद्याल त्याचंच भावंड मानलं जातं. नावातल्या ‘आलू’मुळे पुढे अनेकांनी त्यात बटाटे घातले. मूळ शब्द ‘आल्यो’, म्हणजे लसूण. माडी-ताडीने फुगे फुगवायचीही रीत होती. मिरची तर पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणली, पण ती इथल्या वाटणात अशी मिसळली की आज तिला परकी म्हणायला कुणी धजणार नाही.

१७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज गेले. इथले ख्रिस्ती इथेच राहिले, कारण त्यांची शेतं, विहिरी, माड आणि बोली इथलीच होती. कुपारी आणि वाडवळ ख्रिस्तींना ‘पोर्तुगीजांची माणसं’ समजणारे आजही भेटतात. त्यांनी इंद्यालची वाटी नीट पाहावी. नाव लांबून आलेलं, आंबटपणा परसातल्या झाडाचा. पाव, बटाटा, काजू, पगार हे शब्द तुमच्याआमच्या मराठीतही पोर्तुगीजांकडूनच आले. तेवढ्याने आपण कुणी लिस्बनचे झालो नाही.

आज बाटली विमानाने येते, सहा महिने लागत नाहीत. तिखटाबरोबर जड, जास्त अल्कोहोलची वाइन घेतली तर जिभेची आग वाढते. विन्यो व्हेर्दे हलकी आणि थंडगार, म्हणून तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर किंवा तळलेल्या बोंबलाबरोबर ती छान जमते. इंद्यालसोबत मात्र ती फिकी पडेल. तिचं काम तिथे माडाचा शिरका कधीपासूनच करतो आहे.