बैल सोडले की गाडी जागेवर

इम्पीरियल गॅझेटिअरने शंभरेक वर्षांपूर्वी पनवेलचा मुख्य धंदा नोंदवला तो बैलगाडीची चाकं बनवण्याचा. त्या चाकांवरच्या गाडीला कुलूप कधी लागलं नाही. धनी बैल सोडून गोठ्यात बांधायचा. उरलेलं धूड न्यायचं तर चोराला स्वतःची जोडी आणावी लागे.

मोटारीत बैल गाडीच्या पोटातच राहायला आले आणि चोराची सोय झाली. सुरुवातीला हँडल मारायला निदान दंडात जोर लागे. 1912 मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर दिला, 1949 मध्ये क्रायस्लरने तो किल्लीला जोडला आणि सगळी भिस्त एका दातेरी पट्टीवर आली. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी आठवा. कुलूप झिजलं की भलत्याच किल्लीने दार उघडे, आणि पुढच्या दाराची ती तिकोनी काच तर हात घालायला आयतीच. मग लोकांनी पदरचे पैसे घालून गिअर लॉक बसवले.

खरा उपाय इमोबिलायझरचा. किल्लीतल्या चिपचा संकेत ओळखीचा नसेल, तर इंजिनचा संगणक इंजिन सुरूच होऊ देत नाही. युरोपने 1998 पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा केला. माझ्या मते हा बैल सोडण्याचाच प्रकार. पण किल्ली खिशातच ठेवून बटण दाबायची चैन आली आणि पुन्हा फट पडली: 2011 मध्ये झुरिकच्या संशोधकांनी किल्लीचा संकेत दुरून पुढे पोचवून दहा मॉडेलं उघडून, चालू करून दाखवली. अशी किल्ली रात्री दाराजवळच्या खुंटीला टांगू नये, पत्र्याच्या डब्यात ठेवावी.

गाडी अशी आवळली गेली, तरी आतल्या बॅगेला त्याचा उपयोग नाही. बाजूची काच अपघातात माणूस चिरू नये म्हणून मुद्दाम भुगा होणारी केलेली असते. तोच गुण चोराच्या पथ्यावर पडतो. पनवेल स्टेशनबाहेर गाडी लावून लोकलने मुंबई गाठणाऱ्याची गाडी दिवसभर बेवारशी उभी असते. मागच्या सीटवर लॅपटॉप दिसला की पुढचं काम काही सेकंदांचं. तो घरून निघतानाच डिकीत टाकावा. स्टेशनवर पोचून, चार लोकांसमोर डिकी उघडून नव्हे. आणि पळस्प्याच्या वाटेवर कुणी ‘साहेब, ऑइल गळतंय’ म्हणत काच वाजवली, तर उतरण्याआधी दुसऱ्या बाजूचं दार लॉक आहे का ते बघावं.