‘कशावरून?’ची कुळकथा

आपल्या भागात कधी न दिसणारा पक्षी दिसला, असे कुणी सांगितले की पक्षिनिरीक्षकांच्या घोळक्यातून पहिला शब्द येतो, ‘कशावरून?’ मग तारीख, जागा, उजेड, पंखांवरच्या पट्ट्या, आवाज, फोटो अशी उलटतपासणी सुरू होते. नवख्याला राग येतो. पण या प्रश्नाचे कूळ शोधायला गेले, की ते एका पेंढा भरणाऱ्याच्या दुकानात सापडते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात या प्रश्नाला एकच उत्तर होते: बंदूक. पक्षी पाडायचा, पेंढा भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची. नुसता डोळ्यांनी पाहिलेला पक्षी अफवेत जमा. भरकटून आलेल्या दुर्मीळ पक्ष्याला हौशी संग्राहक भरपूर पैसे मोजत. मात्र तो ब्रिटनच्याच भूमीवर मारलेला हवा. तोच पक्षी परदेशातून आणलेला निघाला, तर त्याला कोण विचारतो? मोल पक्ष्यापेक्षा चिठ्ठीला होते. आणि चिठ्ठीवर काहीही लिहिता येते.

१८९२ ते १९३० या काळात हेस्टिंग्ज या किनारी गावाच्या आसपास दुर्मीळ पक्ष्यांचा जणू पाऊसच पडला. त्यातले बरेचसे जॉर्ज ब्रिस्टो या पेंढा भरणाऱ्याच्या हातून पुढे आले होते. कुजबुज तेव्हाही झाली, पण पुरावा म्हणून ताजा मेलेला पक्षीच समोर असे. ऑगस्ट १९६२ मध्ये ‘ब्रिटिश बर्ड्‌स’ मासिकाने हे प्रकरण उघड केले. संख्याशास्त्रज्ञ जॉन नेल्डर यांनी हेस्टिंग्जच्या नोंदी शेजारच्या प्रदेशाशी आणि नंतरच्या काळाशी ताडून पाहिल्या. आकडे कुठेच जुळेनात. सुमारे सहाशे नोंदी बाद झाल्या आणि २९ जाती-उपजाती ब्रिटनच्या यादीतून गेल्या. त्यांतल्या बहुतेक जाती पुढे खऱ्या नोंदींच्या बळावर परत आल्या.

दरम्यान बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली होती. आता पुरावा म्हणजे पाहणाऱ्याचे टिपण. ते तपासायला १९५९ मध्ये त्याच मासिकाने दहा जाणकारांची समिती नेमली. प्रत्येकाने कागद वाचून आपले मत द्यायचे. आजची उलटतपासणी ही त्याच घराण्यातली.

या कुळाची एक शाखा खानदेशात उतरते. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर बराच काळ कुणाला सापडले नव्हते. अपवाद एकच, गुजरातेतल्या मांडवीचा १९१४ चा नमुना, ब्रिटिश संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या नावावरचा. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. तो जेम्स डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात गोळा केलेला, संग्रहालयातून चोरलेला निघाला. नमुना नव्याने भरून चिठ्ठी बदलली होती, तरी डेव्हिडसन यांच्या हातची ढब पुरती पुसली गेली नव्हती.

खोटी चिठ्ठी बाजूला पडताच गुजरातेतला शोधही बाजूला पडला. उरल्या जुन्या, खऱ्या चिठ्ठ्या. त्यांच्या मागावर रासमुसेन आणि त्यांचे सोबती निघाले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी खानदेशातल्या शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला दिसला, ११३ वर्षांनी. हेस्टिंग्जमध्ये ‘कशावरून?’ने यादीतले पक्षी उडवले होते. शहाद्यात त्यानेच एक परत आणून बसवला.