श्यामा, अ‍ॅडलिन आणि नववी 'ब'

तर झालं असं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत नात पुण्याहून चिखलीला आली. वय एकोणीस. दुपारभर मोबाईलमध्ये डोकं. मी विचारलं, "काय एवढं वाचतेस गं?" तर म्हणाली, "डार्क रोमान्स. आजी, तुला नाही आवडायचं ते."

चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला असं म्हणायचं नसतं! मी हट्टच धरला. माझं इंग्रजी बेताचं, म्हणून अडेल तिथे तिने अर्थ सांगायचा, असं ठरलं.

पहिलं पुस्तक तिने जरा सौम्य दिलं, कॉलीन हूवर यांचं 'इट एन्ड्स विथ अस' (२०१६). प्रेमाने केलेला नवरा हात उगारतो आणि बायको शेवटी तान्ह्या लेकीकडे पाहून वेगळी होते. हे मला आवडलं. अशा बायका मी आपल्या गल्लीतही पाहिल्यात, फक्त त्या वेगळ्या होऊ शकल्या नाहीत. दुसरं होतं एच. डी. कार्लटन यांचं 'हॉन्टिंग अ‍ॅडलिन' (२०२१). त्यातला नायक नायिकेच्या मागावर असतो, तिच्या घरात चोरून शिरतो, आणि हेच प्रेम म्हणायचं! पन्नासेक पानांवर मी हात जोडले. ज्याच्या भीतीने पोरींनी शाळेचा रस्ता बदलावा, तोच नायक? खरं सांगते, मला राग आला.

पण राग आला तेव्हाच काहीतरी जुनं आठवलं. म्हणून हा लेख.

आपल्या मराठीत कादंबरी आली तीच वादाचा विषय घेऊन. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं, विधवांच्या हालांबद्दल. मागोमाग हळबेंची 'मुक्तामाला' (१८६१) आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या. पुढे ना. सी. फडक्यांनी गुलाबी प्रेमकथांवर दोन-तीन पिढ्या नादावल्या. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव, लिहिणाऱ्या बाई स्वतः शिक्षिका. शिकलेल्या, मिळवत्या मुलींच्या मनातलं त्यांनी लिहिलं, तर केवढा गदारोळ झाला! पुरुषाने लिहिलेल्या प्रेमाला लोक गोड म्हणत होते, बाईने लिहिलं तर चावट.

आपल्या जिल्ह्यातही हा दुटप्पीपणा होताच की. मेहकरला वकिली करणारे ना. घ. देशपांडे हे आपले कवी. त्यांची 'शीळ' जी. एन. जोशींनी गायली आणि तिची तबकडी घराघरात गेली. ते प्रेमाचंच गाणं. वडीलधारी माणसंसुद्धा गुणगुणायची. पण तीच पोरगी कादंबरी घेऊन बसली, की आई म्हणायची, "ठेव ते, पोळ्या लाटायला ये."

आता मुख्य गोष्ट. १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' छापून आली. काकोडकर म्हणजे तेव्हाचे भरपूर खपणारे लेखक. एक नायक आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया, अशी कथा. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, भारतीय दंड संहितेचं कलम २९२. खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला. पंचवीसच रुपये, पण माणूस सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि ऑगस्ट १९६९ मध्ये सुटला. निकाल वाचण्यासारखा आहे. कथा फार उच्च दर्जाची नसेल, लेखकाची जाण कच्ची असेल, पण ती अश्लील नाही, असा त्याचा भाव. नुसता स्त्री-पुरुष संबंधांचा उल्लेख अश्लील मानला, तर धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकताच येणार नाही, असंही कोर्ट म्हणालं. त्याच वर्षी काकोडकरांच्या 'नीलांबरी' वरून 'दो रास्ते' हा हिंदी सिनेमा निघाला आणि आपण सगळ्यांनी तो सहकुटुंब पाहिला!

सात वर्षं शहाणी माणसं भांडली, की हे वाचून तरुण पोरं बिघडतात का. पोरींना मात्र कोणी विचारलं नाही.

मीही नाही विचारलं. १९७५ च्या सुमाराची गोष्ट. मी नोकरीत नवी होते. नववी 'ब' मधल्या एका मुलीच्या दप्तरात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली कादंबरी सापडली. प्रेमाचीच. मी ती मुख्याध्यापकांकडे नेऊन दिली, त्यांनी वडिलांना बोलावलं. मुलगी मान खाली घालून उभी होती. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. त्या वैशाखात तिचं लग्न झालं. निबंध फार छान लिहायची हो. आणि एक कबुली देते. मुख्याध्यापकांकडे नेण्याआधी ती कादंबरी मी रात्री जागून वाचून संपवली होती. मी काही बिघडले नाही.

सुप्रीम कोर्टाने श्यामाला सोडून पाच-सहा वर्षं झाली होती. माझ्या कोर्टात त्या पोरीला अपीलही नव्हतं.

हे मी नातीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी, असा माणूस खरंच मागे लागला तर मी पोलिसात जाईन. पुस्तकातला आहे म्हणून वाचते. नको वाटलं की मिटते."

तिचं म्हणणं पटलं, अर्धं. नको त्या माणसाचा पाठलाग हा आपल्या कायद्यात नावानिशी गुन्हा झाला तो २०१३ मध्ये. म्हणजे गोष्टीवर खटला भरायचं कलम इंग्रजांच्या काळापासून होतं, पण मुलीच्या मागे लागणाऱ्यासाठी वेगळं कलम यायला दीडशे वर्षं गेली. तरी माझी उरलेली अर्धी काळजी तशीच आहे. नातीला मिटता येतं, कारण तिला विचारणारं, ऐकणारं घर आहे. ज्या पोरीला प्रेमाबद्दल दुसरीकडून एक शब्दही कळत नाही, ती अ‍ॅडलिनच्या नायकालाच खरा समजली तर? म्हणून मोबाईल हिसकावून घ्यायचा का? तो उपाय मी एकदा करून पाहिला आहे.

म्हणून आता शेजारच्या पोरी येतात तेव्हा मी विचारते, काय वाचता, सांगा मला गोष्ट. आवडलं नाही तर स्पष्ट सांगते. त्याही माझ्याशी भांडतात. नववी 'ब' मध्ये एवढंच करायला हवं होतं.

ती मुलगी आता साठीपुढे असेल, आजीही झाली असेल. नाव लिहीत नाही. माझ्या विद्यार्थिनी हे वाचतात, त्यांच्यापैकी कोणाला ती ठाऊक असेल, तर तिला एवढा निरोप द्या, की बाईंचं चुकलं.