रात्रीच्या आकाशातील विद्यार्थिनी

१९०७ क्रमांकाच्या लघुग्रहाचे नाव आहे रुदनेवा. क्रिमियातील वेधशाळेतून १९७२ साली त्याचा शोध लागला. ज्या येवगेनिया रुदनेवाचे नाव त्याला दिले, ती मॉस्को विद्यापीठात खगोलशास्त्र शिकत होती. रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेणे हा तिचा आवडीचा विषय. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले, तेव्हा ती वीस वर्षांची होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मरिना रास्कोवा या नामवंत वैमानिकेच्या प्रयत्नांतून स्त्रियांच्या तीन हवाई रेजिमेंट उभ्या राहिल्या. त्यांपैकी ५८८वी रेजिमेंट रात्री बॉम्बफेक करणारी. वैमानिक, मार्गदर्शक, यंत्रज्ञ सर्व स्त्रियाच. रुदनेवा तिच्यात मार्गदर्शक झाली. जर्मन सैनिक या मुलींना ‘रात्रीच्या चेटकिणी’ म्हणत. किशोरवयीन वाचकांसाठीच्या कादंबऱ्यांतही हे नाव भेटते. नाव आकर्षक खरे, पण त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. या मुलींजवळ चेटूक नव्हते. होते ते ज्ञान आणि सराव.

त्यांचे पो-२ विमान लाकूड आणि कापडाचे, मुळात शिकाऊ वैमानिकांसाठी बनवलेले. इंजिन सुमारे १०० अश्वशक्तीचे आणि कमाल वेग ताशी १५० किलोमीटरच्या आसपास. असे विमान वेगवान लढाऊ विमानांपुढे टिकले कसे? सारख्याच कोनात कलून वळणाऱ्या विमानांची वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा, एकाचा वेग ताशी १२० आणि दुसऱ्याचा ३६० किलोमीटर आहे. वेग तिप्पट, म्हणून त्रिज्या नऊपट! पाठलाग करणारे विमान पुढे निघून जाई. त्याला फार हळू उडताही येत नसे, कारण वेग घटला की पंखांचे उचलणारे बलही घटते.

लक्ष्य जवळ आले की वैमानिक इंजिन मंद करून विमान घसरत खाली नेई. खाली ऐकू येई तो फक्त तारांमधून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज.

मात्र संथपणाची किंमतही होती. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या विमानाला ताशी ३० किलोमीटरचा आडवा वारा लागला, तर अर्ध्या तासात ते १५ किलोमीटर बाजूला सरकते. अंधारात नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ यांच्या आधारे ही चूक आधीच हिशेबात धरणे हे मार्गदर्शकाचे काम. वर्गात शिकलेली सदिशांची बेरीज येथे जीवनमरणाचा प्रश्न होती.

आणि प्रत्येक वेळी हिशेब जुळत नसे. प्रकाशझोतात सापडलेले कापडी विमान क्षणात पेट घेई. १९४४ पर्यंत त्या पॅराशूटही वापरत नसत. १९४३ च्या ३१ जुलैच्या रात्री कुबान भागात आठ जणी मारल्या गेल्या. ९ एप्रिल १९४४ रोजी केर्चजवळ रुदनेवाचे विमान पडले. ते तिचे ६४५वे उड्डाण होते. युद्ध संपेपर्यंत रेजिमेंटच्या उड्डाणांची संख्या २३,००० च्या वर गेली होती.

रेजिमेंटची प्रमुख स्टाफ अधिकारी इरिना राकोबोल्स्काया ही त्याच विद्यापीठातली भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. ती युद्धातून परतली, शिक्षण पूर्ण केले, विश्वकिरणांवर संशोधन केले आणि तेथेच प्राध्यापक झाली. २०१६ साली तिचे निधन झाले. दोघींची आवड आकाशाचीच. एकीला संशोधनासाठी सारे आयुष्य मिळाले, दुसरीचे नाव एका लघुग्रहाला मिळाले.

वर्गात ही गोष्ट सांगाल तेव्हा शौर्याबरोबर वळणाच्या त्रिज्येचे गणितही फळ्यावर जरूर मांडा. आणि मग विद्यार्थ्यांना विचारा : रुदनेवा परतली असती, तर ती काय शोधत राहिली असती? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही सूत्राने मिळत नाही. युद्धाची खरी किंमत तेथेच कळते.